गॅलरीतील अनामिक ‘आयरिस’ : नाव शोधावे कसे?

कुंडीत तलवारीसारख्या पात्यांचा पंखा दिसला, की उपनगरांतील रोपवाटिकांत त्याला सर्रास ‘आयरिस’ म्हटले जाते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या बोरिवलीच्या घरी अशीच एक कुंडी काही वर्षे होती. विकणाऱ्याने ‘निळे आयरिस’ एवढेच सांगितले होते. चिठ्ठी नव्हती, पावतीवरही नाव नव्हते. एके दिवशी इमारतीतील एक आजी हातात वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचे नातवंड सव्वा महिन्याचे झाले होते. ‘तुमच्याकडे वेखंड लावलंय ना, जरा मुळी द्या, उगाळून चाटवीन म्हणते,’ असे त्या म्हणाल्या. पाती वेखंडासारखी होती हे खरे. पण ते वेखंड नव्हते आणि ते नेमके काय आहे, हे घरातील कोणालाही सांगता येत नव्हते. मुळी दिली नाही. आजी काहीशा नाराज होऊनच परतल्या.

बागेतल्या रोपाचे नाव ठाऊक असणे ही केवळ हौशी मंडळींची चैन नव्हे, हे त्या दिवशी ध्यानात आले. नावावर रोपाची निगा अवलंबून असते, कधी त्याचे जगणे-मरणे आणि कधी तर माणसाची प्रकृतीही. आयरिसच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कारण या एका नावाखाली मुंबईत निरनिराळी झाडे विकली जातात आणि खरे दाढीवाले आयरिस त्यांत बहुधा नसतेच.

प्रजाती, जाती आणि वाण

‘हे आयरिस कुठले?’ या एका प्रश्नात प्रत्यक्षात तीन प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रजातीचा : हे आयरिसच आहे, की त्याच्या कुलातील दुसरेच काही? दुसरा जातीचा : आयरिस प्रजातीतील सुमारे ३०० जातींपैकी ही कोणती? तिसरा वाणाचा : माणसाने संकरातून वा निवडीतून तयार केलेल्या असंख्य वाणांपैकी हा कोणता? आंब्याचे उदाहरण घेतले, तर ‘हा आंबा आहे’ हे कोणीही सांगेल. पण हापूस, पायरी की राजापुरी, हे सांगायला जाणकार लागतो. आयरिसच्या बाबतीत पहिला प्रश्न सुटण्याआधीच लोक तिसऱ्याकडे धाव घेतात आणि तिथेच फसतात.

आयरिस हे केसर कुलातील झाड. काश्मीरचे केशर आणि फुलबाजारातील ग्लॅडिओलस ही त्याची भावंडे. ग्रीक पुराणातील इंद्रधनुष्याच्या देवतेवरून त्याला हे नाव मिळाले. या कुलातील बहुतेक झाडांची पाने एकाच प्रतलात, एकमेकांना पायथ्याशी कवटाळून वाढतात आणि पंख्याचा आकार घेतात. गोंधळाचे मूळ या पंख्यातच आहे. केवळ पानांवरून या कुलातील झाडे वेगळी करणे अभ्यासकांनाही जड जाते. म्हणून पहिला नियम असा, की फूल येईपर्यंत नाव ठरवण्याची घाई करू नये.

दाढी म्हणजे काय?

दाढीवाल्या आयरिसच्या फुलात सहा परिदले असतात. आतील तीन वर उभी राहतात; त्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. बाहेरील तीन खाली झुकतात, ती ‘फॉल’. झुकलेल्या प्रत्येक परिदलावर, मध्यापासून आत घशाकडे जाणारी दाट, मऊ केसांची एक पट्टी असते. दिसायला ती जाड सुरवंटासारखी असते. हीच ती दाढी. फुलाच्या मध्यातून किंजलाच्या तीन रुंद, पाकळीसारख्या फांद्या निघतात आणि प्रत्येकीच्या आडोशाला एक पुंकेसर लपलेला असतो. परागाच्या शोधात आत शिरणाऱ्या मधमाशीला ही दाढी वाट दाखवते, असे मानले जाते.

दाढी ही खरोखरच्या केसांची असते, रंगाची नव्हे. फुलवाल्यांकडे गुच्छांत दिसणाऱ्या निळ्या-पिवळ्या ‘डच आयरिस’च्या परिदलावर पिवळा पट्टा असतो, पण बोट फिरवले तर तो गुळगुळीत लागतो. ते आयरिसच असले, तरी कंदापासून येणारे, दाढी नसलेले. दाढीवाले आयरिस कंदापासून येत नाही. त्याचे मूलक्षोड, म्हणजे आल्यासारखे आडवे, गाठाळ खोड जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरते आणि त्याची पाठ उन्हात उघडी राहिलेली त्याला आवडते.

मुंबईत ‘आयरिस’ म्हणून मिळते ते काय?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरगुती कुंड्यांत ‘आयरिस’ नावाने जे आढळते, ते बहुधा पुढीलपैकी एक असते.

चालते आयरिस : हे मूळचे ब्राझीलचे. पूर्वी त्याची प्रजाती निओमारिका मानली जात असे. अलीकडे तिचा समावेश ट्रायमेझियात करण्यात आला आहे. बाहेरची तीन परिदले पांढरी, आतली तीन निळी-जांभळी आणि टोकाशी आत वळलेली, मध्यभागी तपकिरी-पिवळे पट्टे. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी संपते. खरी खूण फुलाच्या दांड्यात आहे. हा दांडा पानासारखाच चपटा असतो. फुले संपल्यावर त्याच्या टोकाशी छोटे रोप तयार होते, त्याच्या वजनाने दांडा जमिनीकडे झुकतो आणि ते रोप तिथे मूळ धरते. झाड असे पावलापावलाने पुढे सरकते, म्हणून ते ‘चालते’.

पिवळे चालते आयरिस : ट्रायमेझिया प्रजातीतीलच, पिवळ्या फुलांचे आणि मध्यभागी तपकिरी ठिपके असणारे. मुंबईची दमट हवा त्याला चांगली मानवते.

ठिपक्यांचे नारिंगी फूल : सहाही परिदले जवळपास सारखी, नारिंगी रंगावर लाल ठिपके, आणि कोमेजताना फूल पिळलेल्या फडक्यासारखे गुंडाळले जाते. फळ उकलले, की काळ्याभोर, चकचकीत बियांचा घोस दिसतो. याची कहाणी मोठी बोधप्रद आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याने ते चक्क ऑर्किडांच्या एका प्रजातीत घातले. पुढे दीर्घकाळ ते बेलॅमकांडा चायनेन्सिस म्हणून ओळखले गेले. २००५ मध्ये गोल्डब्लॅट आणि मॅबर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला आयरिस प्रजातीत आणले आणि ते आयरिस डोमेस्टिका झाले. म्हणजे गॅलरीतील या झाडाला आयरिस म्हणणे आज शास्त्रशुद्ध आहे, मात्र दाढी त्याला नाही.

आफ्रिकन आयरिस : डायेटीस प्रजातीचे. पाने ताठ, चिवट. फूल पांढरे, त्यावर पिवळ्या खुणा, मध्यभागी निळसर किंजल. दुसऱ्या एका जातीचे फूल फिकट पिवळे असून त्यावर गडद डाग असतात.

वेखंडाशी गल्लत

मराठी घरात याहून महत्त्वाची गल्लत होते ती वेखंडाशी. बाळंतघरातील धुरीपासून बाळाच्या टाळूपर्यंत वेखंडाचा वावर असल्याने पात्यांचा पंखा दिसला, की जुन्या पिढीला तेच आठवते. पण वेखंड हे केसर कुलातील नाही. पूर्वी ते सुरणाच्या कुलात गणले जाई. आता त्याला स्वतंत्र कुल देण्यात आले आहे.

दोन्ही वेगळी ओळखणे सोपे आहे. वेखंडाचे पान चुरगाळले, की तोच परिचित, उग्र, गोडसर वास येतो. आयरिसच्या आणि चालत्या आयरिसच्या पानाला तसा वास नसतो. वेखंडाच्या पानावर उठावदार शीर असते आणि ती बरोबर मध्यातून न जाता एका बाजूला सरकलेली असते. वेखंडाला पाकळ्यांचे फूल येत नाही. पानासारख्या दांड्याच्या कडेला करंगळीएवढे हिरवट कणीस येते. त्याला पाण्याच्या काठची दलदल लागते. कोरड्या कुंडीत ते रमत नाही.

आयरिसचे ओले मूलक्षोड पोटात गेले, तर उलट्या आणि जुलाब होतात; त्याच्या रसाने कित्येकांच्या त्वचेची आग होते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत अशी चूक फार महाग पडेल. किंबहुना, खऱ्या वेखंडाबाबतही सावधगिरी हवी. त्यातील बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाच्या वापरावर बंदी घातली. डॉक्टरांना विचारल्यावाचून ते बाळाला चाटवू नये.

गंमत अशी, की दाढीवाल्या आयरिसचे मूळही औषधी आणि सुगंधी म्हणून बाजारात येते. युनानी औषधांत त्याला ‘ईरसा’ म्हणतात. मूलक्षोड सोलून काही वर्षे वाळवले, की त्याला व्हायोलेट फुलांसारखा मंद सुगंध येऊ लागतो. अत्तरांच्या उद्योगात त्याला मोठे मोल आहे. ताज्या मुळीला मात्र हा वास जवळपास नसतो. त्यामुळे वासावरून ताजे रोप ओळखण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो.

खरे दाढीवाले आयरिस भेटते कुठे?

भारतात ते काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडाच्या थंड पट्ट्यात फुलते. काश्मीरमध्ये पांढऱ्या आणि जांभळ्या आयरिसचे ताटवे कबरस्तानांत दिसतात. कबरींवर आयरिस लावण्याची प्रथा जुनी असून तिच्यामुळेच पांढऱ्या आयरिसची एक जाती अरबस्तानातून पार स्पेनपर्यंत पोहोचली.

उपनगरातील अनेक मराठी कुटुंबांना मात्र ते भेटते परदेशात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाकडे वा मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांना मे महिन्यात घरामागच्या कुंपणालगत हे फूल दिसते. घर जुने असते आणि आयरिस आधीच्या मालकाने, किंवा त्याच्याही आधीच्याने लावलेले असते. चिठ्ठी केव्हाच हरवलेली असते. ‘हे कुठले?’ हा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने वाणाचा असतो.

तो अवघड का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास हवा. युरोपातील बागांत आयरिस पॅलिडा आणि आयरिस व्हॅरिएगाटा या जातींच्या संकरातून एकोणिसाव्या शतकात शेकडो वाण निघाले. पुढे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सर मायकेल फॉस्टर यांनी पश्चिम आशियातून मोठ्या फुलांची आयरिस मागवून संकरासाठी वापरली. त्यांत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होती आणि आजच्या भव्य फुलांचा पाया तिथे घातला गेला. १९२० मध्ये अमेरिकन आयरिस सोसायटी स्थापन झाली. कंद नसलेल्या आयरिसच्या नव्या वाणांची जागतिक नोंदणी तीच करते. नोंदलेल्या नावांची संख्या आता दहा-दहा हजारांच्या पटीत मोजावी लागते. त्यांतील नुसत्या जांभळ्या फुलांचे वाणच इतके, की छायाचित्र पाहून नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये हेच बरे.

वाण ओळखण्याची रीत

तरीही शोध निरर्थक नाही. तो पद्धतशीर मात्र हवा.

पहिली पायरी रोपाच्या इतिहासाची. घर कधी बांधले, रोप तिथे कधीपासून आहे, कोणी दिले, याची शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत पार्श्वभूमीला ते दिसते का, पाहावे. १९५० च्या छायाचित्रात ते फूल असेल, तर त्यानंतर नोंदलेले सगळे वाण एका फटक्यात बाद होतात. कोणत्याही रंगतक्त्यापेक्षा ही माहिती अधिक कामाची.

दुसरी पायरी उंचीची. दाढीवाल्या आयरिसचे वर्ग फुलाच्या दांड्याच्या उंचीवरून पाडले जातात. सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत अतिठेंगणे, त्यापुढे साधारण ४० पर्यंत ठेंगणे, ७० पर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक ते उंच. मध्यम उंचीतही फुलाचा आकार आणि फुलण्याचा काळ यांवरून तीन वर्ग होतात. म्हणून उंचीबरोबर पहिले फूल उमलल्याची तारीखही लिहून ठेवावी.

तिसरी पायरी निरीक्षणाची. उभ्या आणि झुकलेल्या परिदलांचे रंग वेगवेगळे नोंदवावेत. दाढीचा रंग तीन ठिकाणी पाहावा : टोकाला, मध्ये आणि घशात, अनेकदा तो तिन्ही ठिकाणी निराळा असतो. परिदलाच्या पायथ्याशी शिरांची जाळी आहे का, कडेला वेगळ्या रंगाची किनार आहे का, कडा सरळ की चुणीदार, दांड्याला फांद्या किती, कळ्या किती, वास कसा, हे सारे टिपावे. दोन खुणा बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एक, पानांचा पायथा जांभळट आहे का? दोन, कळीला वेढणारे आवरण फूल उमलताना हिरवे आहे की कागदासारखे सुकलेले? आयरिस पॅलिडात ते पूर्णपणे रुपेरी, कागदी होते. तिचे रक्त असलेल्या जुन्या वाणांतही ही खूण कमी-अधिक उतरते.

चौथी पायरी छायाचित्रांची. एक छायाचित्र पुरत नाही. संपूर्ण ताटवा, दांडा, फूल समोरून, बाजूने, वरून आणि दाढी जवळून, अशी किमान सहा घ्यावीत. सकाळी, थेट ऊन नसताना, फुलाशेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी धरून घ्यावीत. कागदामुळे रंग किती बदलला ते कळते. निळा-जांभळा रंग कॅमेऱ्यात हमखास फसवतो. शिवाय पहिल्या दिवसाचे आणि तिसऱ्या दिवसाचे फूल यांतही फरक पडतो.

पाचवी पायरी तुलनेची. ती छायाचित्राशी न करता नोंदणीतील वर्णनाशी करावी. जुन्या घरांच्या कुंपणाशी टिकून राहणारे वाण बहुधा चिवट आणि एके काळी लोकप्रिय असलेले असतात. पिवळी उभी आणि तपकिरी-तांबडी झुकलेली परिदले असणारे ‘ऑनोराबिल’ १८४० चे. पांढऱ्या फुलाला निळ्या टाक्यांची किनार असलेले ‘मादाम शेरो’ १८४४ चे. धुरकट जांभळ्या-सोनेरी छटेचे ‘क्वेकर लेडी’ १९०९ चे. पांढरी उभी आणि गर्द जांभळी झुकलेली परिदले असलेले ‘वॉबॅश’ १९३६ चे. त्याला १९४० मध्ये डाइक्स पदक मिळाले. अशा नावांपासून शोध सुरू करणे श्रेयस्कर. हिस्टॉरिक आयरिस प्रिझर्व्हेशन सोसायटी ही संस्था जुन्या वाणांच्या जतनाचे काम करते.

शेवटची पायरी सर्वांत संथ, पण सर्वांत विश्वासार्ह. संशयित वाणाचे खात्रीलायक रोप मिळवून ते आपल्या रोपाशेजारी, एकाच मातीत, दोन-तीन हंगाम वाढवावे. दोन्हीत तिळमात्र फरक दिसला नाही, तरच नाव लावावे. मोबाइलवरील रोप-ओळख सुविधा ‘हे दाढीवाले आयरिस आहे’ इथपर्यंत बहुधा बरोबर पोहोचतात. वाणाचे नाव त्यांच्याकडून घेऊ नये.

नाव सापडले नाही तर?

बहुतेकदा असेच होते आणि त्यात कमीपणा नाही. शिवाय एक शक्यता कायम असते. मूलक्षोड तोडून लावलेले रोप मूळ वाणाचेच असते. पण ताटव्यात बी पडून उगवलेले रोप आई-बापांहून वेगळे निघते. अशा रोपाला कधीच नाव नव्हते. मग ते सापडणार कुठून?

अशा वेळी अंदाजाने नाव चिकटवणे हा मोठा अपराध. चुकीचे नाव घेऊन रोप दहा घरांत जाते आणि खऱ्या वाणाची ओळख तेवढी पुसली जाते. स्वतःच्या मनाने नवे नावही देऊ नये. लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहिण्याचा संकेतही त्यांतलाच. चिठ्ठीवर ‘अनामिक’, मिळाल्याचे ठिकाण, देणाऱ्याशी असलेले नाते आणि वर्ष एवढे लिहावे. ते प्रामाणिक असते आणि पुढच्या शोधाला उपयोगी पडते.

पेटीतून आणू नये

परतीच्या पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये एखादी गाठ दडवून आणण्याचा मोह अनेकांना होतो. तो दोन कारणांसाठी टाळावा. पहिले कायद्याचे : २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार लागवडीसाठी रोप आणायचे, तर आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. रोपासोबत कीड आणि रोग येतात, ही भीती पुस्तकी नाही.

दुसरे कारण हवामानाचे. फुलण्यासाठी या झाडाला कडक हिवाळ्याची विश्रांती आणि कोरडा उन्हाळा लागतो. राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतील बोरिवली-मुलुंडमध्ये जानेवारीच्या पहाटे शाल लागते, पण तेवढी थंडी त्याला पुरत नाही. आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उपनगरांवर कोसळणारा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ती उघडी गाठ सडवून टाकतो. पहिल्या पावसाळ्यात ती मऊ पडून दुर्गंधी सुटते. ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून लोक हळहळतात. दोष हाताचा नसतो, जागेचा असतो. ज्याला पात्यांचा पंखा आणि निळे फूल हवे, त्याने चालते आयरिस लावावे. अर्धवट ऊन, ओलसर माती आणि मुंबईचा पाऊस हे तिन्ही त्याला रुचते.

कोणाला विचारावे?

मुंबईत धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यात १९५५ पासून कार्यरत असलेले भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र या वनस्पती-ओळखीच्या मान्यवर संस्था. उपनगरांतील अनेक महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत; तिथूनही प्रजातीपर्यंतची ओळख होऊ शकते. मात्र थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळातील ग्रंथापासून पुढे आपल्या भागातील वनस्पतिकोशांचा भर रानातल्या झाडांवर आहे. बागेतील विदेशी वाण त्यांत सापडेलच असे नाही.

नमुना नेताना फूल, पान, दांडा आणि शक्य तर फळ असा पूर्ण भाग न्यावा. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वरून वजन ठेवावे आणि आपल्या दमट हवेत कागद रोज बदलावा. अन्यथा बुरशी धरते. या कुलातील फुले पाणीदार असल्याने दाबली की रंग गमावतात, म्हणून ताज्या फुलाचे छायाचित्र सोबत असणे आवश्यक.

बोरिवलीच्या त्या कुंडीतील झाडाने पुढच्या हंगामात स्वतःच साक्ष दिली. चपटा, पानासारखा दांडा, त्याच्या टोकाला लोंबणारे पिलू, एका दिवसाचे निळे-पांढरे फूल. ना दाढी, ना पानाला वास. ते चालते आयरिस निघाले. आता कुंडीत पत्र्याची पट्टी आहे आणि तिच्यावर नाव, ठिकाण व वर्ष कोरलेले आहे. इमारतीत दिलेल्या प्रत्येक पिलासोबत तशीच चिठ्ठी जाते आणि तिच्यावर एक ओळ अधिक असते : ‘हे वेखंड नव्हे.’ पहिले पिलू त्या आजींनी मागून नेले.